आमची वाटचाल : फॉरमॅट सगळ्यात शेवटी

"स्लो झालंय? फॉरमॅट मारून टाक." संगणक दुरुस्तीच्या या धंद्यात सगळ्यांना पाठ असलेलं हे वाक्य, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकणं, आमच्या टेबलावर कधीच चाललं नाही. विंडोज एक्सपीच्या काळात ब्राउझरला टूलबारच्या रांगा लागायच्या. त्याही आम्ही एकेक करून काढल्या.

आमचं खरं हत्यार म्हणजे खटक्याचा पेनड्राइव्ह. खटका सरकवला की त्यावर काहीच लिहिलं जात नाही, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मशीनमधला व्हायरस त्यावर चढत नाही. आत ऑटोरन्स नावाचं छोटं सॉफ्टवेअर. मशीन चालू होताना कोण कोण उठतं ते एका पडद्यावर दिसतं. जाहिराती येतात म्हणून बरेच जण ब्राउझरला चिकटलेलं एक्स्टेन्शन काढतात आणि हात झटकतात. शेड्यूल्ड टास्क, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी, उघडून बघतच नाहीत, मग जाहिराती दुसऱ्या दिवशी परत हजर.

मे २०१७. आमच्याकडेच काम शिकून वेगळ्या झालेल्या एकाचं गिऱ्हाईक लॅपटॉप घेऊन आलं. मी तो नेहमीप्रमाणे टेबलावरच्या नेटवर्क स्विचला जोडला, जिथे बाकीची मशीनही जोडलेली होती. आत वॉनाक्राय होता, म्हणजे नेटवर्कवरून पसरून फायली कुलूपबंद करणारा आणि खंडणी मागणारा व्हायरस. तासाभरात पाच मशीनवरच्या फायलींना डब्ल्यूएनसीआरवाय हे शेपूट लागलं आणि पडद्यावर बिटकॉइनमध्ये ३०० डॉलरची मागणी. तो अडवणारा मायक्रोसॉफ्टचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, १४ मार्चलाच आला होता. टेबलावरच्या मशीनना तो लावून घेतला नाही, ही चूक माझी. पण त्या लॅपटॉपवर अपडेटची सेवाच बंद करून ठेवलेली होती. "अपडेट अडकतंय" या तक्रारीवर आमच्याकडून वेगळ्या झालेल्या त्या गृहस्थाचा हाच इलाज. वर गावभर त्यानेच सांगितलं की व्हायरस आम्ही सोडला. दोन महिने टेबल रिकामं होतं. ते बोलणं मी अजून विसरलेलो नाही.

अपडेट अडकलं तर सेवा तात्पुरती थांबवा, विंडोज जिथे अपडेट उतरवून ठेवतं त्या सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन फोल्डरचं नाव बदला, सेवा पुन्हा सुरू करा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. कायमचं बंद करणं हा इलाज नव्हे.

त्या पाचांत एक मशीन एका निवृत्त शिक्षिकेचं होतं. आम्ही त्यांना बाई म्हणतो. नातवंडांचे सगळे फोटो त्यात. मी खाली मान घालून सांगितलं. बाई घरी गेल्या आणि कपाटातली डिस्क घेऊन आल्या. "तुम्हीच सांगितलं होतंत, कॉपी झाली की वायर काढून ठेवा." एकही फोटो गेला नाही. त्यानंतर बाईंनी शेजारच्या चार घरांतली मशीन आमच्याकडे पाठवली. आम्ही उभे राहिलो ते त्यांच्यामुळे.

पुढची वर्षं नीट गेली. परवा बाईंचा फोन आला, पडद्याच्या कोपऱ्यात "तुमचा संगणक धोक्यात आहे" असं सारखं येतंय म्हणून. तो व्हायरस नव्हताच. कुठल्यातरी साइटवर नोटिफिकेशनला "अलाउ" दाबलं गेलं होतं. ब्राउझरच्या सेटिंगमधली यादी उघडायला लावली. सात नावं निघाली. बाईंनी प्रत्येक नाव मला वाचून दाखवलं आणि स्वतःच्या हाताने काढून टाकलं.