खळ्यातले १० मीटर

"मामा, मोबाइलवर हवी ती बंदूक हवा तेवढा वेळ चालवता येते, मग उन्हात उभं राहून कागदाला भोकं कशाला पाडायची?" मुंबईहून आंबे खायला आलेल्या माझ्या भाच्याने मे महिन्यात विचारलं. सोळा वर्षांचा आहे, त्याला खरंच कळत नव्हतं. मी एअरगन त्याच्या हातात दिली, नळी बिजागरीत खाली दुमडून स्प्रिंग कशी चढवायची ते दाखवलं आणि बाजूला उभा राहिलो. संध्याकाळी त्याचा प्रश्न बदलला होता: "घट्ट धरली की छर्रा भलतीकडेच का जातो?"

या दुसऱ्या प्रश्नात एअरगनचं सगळं आकर्षण आहे, असं मला वाटतं. स्प्रिंगच्या बंदुकीत चाप ओढला की स्प्रिंग सुटते, पिस्टन पुढे धावतो, सिलिंडरमधली हवा दाबली जाते, आणि मग त्या हवेने छर्रा हलतो. पिस्टनचा हिसका बसून बंदूक हललेली असते, तरी छर्रा अजून नळीतच असतो. त्यामुळे तुम्ही ती कशी धरली, खांद्याला किती दाबली, श्वास कुठे थांबवला, हे सगळं कागदावर उमटतं. घट्ट आवळली तर हिसका दर वेळी वेगळा बसतो. म्हणून ती हातावर नुसती टेकवायची आणि तिला हवी तशी मागेपुढे हलू द्यायची, फक्त प्रत्येक वेळी अगदी तशीच. हे सांगायला दोन मिनिटं लागतात, अंगवळणी पडायला वर्षं जातात. मोबाइलच्या पडद्यावर हिसका नाही, म्हणून ही चूक कळत नाही आणि ती सुधारल्याचा आनंदही नाही.

माझी सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात गेली. त्यामुळे मालवण भागातल्या बऱ्याच जुन्या एअरगन दुरुस्तीला माझ्याकडे येतात. चामड्याचं वॉशर सुकलेलं, स्प्रिंग एका बाजूला वाकलेली, नळीत गंज. इथला खारा वारा लोखंडाला सोडत नाही. बोटांचा घाम तसाच राहिला तर पावसाळ्यात नळीवर बोटांचेच ठसे गंजून उठतात. हाताळून झाली की तेलाचं फडकं फिरवा, आणि जून ते सप्टेंबर ती रेक्झिनच्या कव्हरात कोंडून ठेवू नका. सिलिंडरमध्ये खोबरेल ओतायची सवयही सोडा. दाबलेली हवा इतकी तापते की तेल पेटतं, डिझेल इंजिनात होतं तेच. आवाज मोठा येतो म्हणून लोक खूश होतात, पण आत वॉशर जळत असतं आणि प्रत्येक छर्रा वेगळ्या वेगाने सुटतो.

दुरुस्तीला येणाऱ्यांत एक मागणी मात्र कायम असते. "वांदरांनी एक अडसर ठेवूक नाय. स्प्रिंग जरा कडक घालून दी." अडसर म्हणजे शहाळं. मी देत नाही. बागायतदाराचं नुकसान मला दिसतं, माझ्याही दारात चार माड आणि दोन कलमं आहेत. पण छर्ऱ्याने वानर मरत नाही, शिसं अंगात राहतं, जखम चिघळते, आणि टोळी दुसऱ्या दिवशी पुन्हा माडावर असते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, पक्ष्यांवर नेम धरणाऱ्यांनाही तो लागू आहे. कायदा नसता तरी मी स्प्रिंग कडक केली नसती. धनेशाची जोडी आमच्या मागच्या वडावर येते, आणि तिच्या दिशेने कुणी नळी वळवली तर त्याच्याशी माझा संबंध संपला.

शिवाय कडक स्प्रिंगने नेम बिघडतोच. हिसका वाढतो, चाप जड होतो, दुर्बीण लावली असेल तर तिचे स्क्रू ढिले होतात. ऑलिम्पिकमधल्या १० मीटर एअर रायफलचा छर्रा सेकंदाला साधारण १७५ मीटर वेगाने सुटतो. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा धरला तर ऊर्जा भरते ८ ज्यूलच्या आत. २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे आपल्याकडे ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही. म्हणजे जगातले सर्वोत्तम नेमबाज आपल्या मर्यादेच्या निम्म्याहून कमी ताकदीवर खेळतात. त्यांच्या लक्ष्याचा दहाचा ठिपका केवढा? अर्धा मिलिमीटर. बीजिंगला २००८ मध्ये अभिनव बिंद्राने सुवर्ण जिंकताना शेवटच्या गोळीला १०.९ पैकी १०.८ मारले, तेव्हा सगळी गंमत त्या अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास चालली होती.

ताकदीची हौस असणाऱ्यांसाठी पीसीपी आहे, म्हणजे आधीच हवा भरून ठेवलेली बंदूक. एसटीच्या एअर ब्रेकला ८ बारच्या आसपास दाब असतो, पीसीपीच्या टाकीत २०० बार. आमच्या बाजूला याची सोय चांगली आहे, कारण तारकर्लीत स्कूबा डायव्हिंगसाठी तेवढ्याच दाबाची, कोरडी, गाळलेली हवा भरणारे कॉम्प्रेसर चालतात. पावसाळ्यात हातपंपाने भरलेल्या हवेबरोबर पाणीही आत जातं, हे पीसीपी घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. ऑक्सिजनचा सिलिंडर तर कधीच जोडू नये, स्फोट होतो. पीसीपीला हिसका जवळपास नाही, नेम लवकर बसतो. मला ती आवडते. तरी नवशिक्याने आधी स्प्रिंगवर शिकावं, या मतावर मी ठाम आहे.

हा छंद टिकेल का? मला वाटतं टिकेल, आणि त्याचं कारण अंतर आहे. आमच्या पिढीने पहिल्यांदा बंदूक धरली ती आंगणेवाडीच्या जत्रेत, फुग्यांच्या फळीसमोर. आता पॅरिसमध्ये २०२४ ला मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तुलात दोन कांस्यं घेतली, आणि तुर्कस्तानचा युसुफ डिकेच एक हात खिशात घालून रौप्य घेऊन गेला. ते सगळं जेवढ्या अंतरावर घडलं तेवढं अंतर माझ्या खळ्यात आहे. समोर आंब्याची जुनी लाकडी पेटी, तिच्यात ठासलेली वाळू आणि गोणपाट, तिच्या मागे चिऱ्यांचा गडगा. पलीकडे वाट नाही, गुरं नाहीत. दुसरा कुठला नेमबाजीचा प्रकार घराच्या अंगणात मावतो?

शेजारची दहावीतली मुलगी वर्षभर माझ्याकडे येते. पहिल्या दिवशी "आजोबा, माका मारूक दी" म्हणाली, तेव्हा मी तिला आधी रिकामी बंदूक कशी द्यायची-घ्यायची ते शिकवलं. नळी उघडी, तोंड जमिनीकडे, बोट चापाबाहेर. आता तीच लहान मुलांना दटावते. तिचे छर्रे बसल्या बैठकीला रुपयाच्या नाण्यात मावतात. पुढे स्पर्धेत उतरायचं तर तिला लाखांत किंमत असलेली रायफल लागेल, आणि ऑलिम्पिक खेळलेल्या नेमबाज सुमा शिरूर यांची अकादमी पनवेलला आहे, म्हणजे आमच्या टोकापासून रात्रभराचा प्रवास. खरी अडचण इथे आहे. आवड आणि जागा दोन्ही आहेत, शिकवणी जवळ नाही.

म्हणून गावच्या हायस्कूलच्या हॉलची मी टेप धरून मोजणी केली. नेमबाजाला उभं राहायला जागा सोडूनही १० मीटर आरामात निघतात. मागची भिंत चिऱ्याची आहे, तिच्यापुढे लोखंडी पत्र्याचे छर्रे धरणारे ट्रॅप लावले आणि बाजूचं दार आतून बंद केलं की चार जणांची रांग होते. ट्रॅप मी स्वतः वेल्डिंग करून देईन, पत्राही घरात आहे. मुख्याध्यापकांनी शाळा समितीपुढे विषय ठेवायचं कबूल केलंय. माजी विद्यार्थ्यांपैकी कुणाकडे वापरात नसलेली, ८-१० ज्यूलची स्प्रिंगची रायफल असेल तर ती शाळेसाठी द्यावी. वॉशर, स्प्रिंग, गंज, सगळं मी बघतो.