नागपूरच्या थंडीत कुंडीला पाणी कमी, वेळ जास्त

कोजागिरी झाली की नागपुरात पहाटे पंखा बंद करावा लागतो. दिवाळी उलटली की गच्चीवर शाल पांघरून चहा घ्यावासा वाटतो आणि डिसेंबर लागला की बागेतला रोजचा तास-दीड तास अचानक मोकळा होतो. मे महिन्यात दिवसातून दोनदा पाणी मागणारी कुंडी आता तीन-चार दिवस गप्प बसते. हा मोकळा वेळ बरेच जण सवयीने पुन्हा पाणी घालण्यातच घालवतात. हिवाळ्यात कुंडीतली झाडं थंडीने जातात त्यापेक्षा या पाण्याने जास्त जातात.

कारण साधं आहे. डिसेंबर-जानेवारीत इथे दुपारी पारा २८ अंशांच्या आसपास आणि पहाटे १२-१३ वर असतो, लाट आली तर ७-८ वरही येतो. पानांतून पाणी कमी उडतं, मुळं गारठून मंदावतात, पण आपली झारी उन्हाळ्याच्याच मापाने चालू असते. ओल्या मातीत हवा राहत नाही आणि मुळं कुजायला लागतात. खालची पानं पिवळी पडतात, शेंडा मान टाकतो. मान टाकलेली दिसली की माणूस आणखी तांब्याभर पाणी ओततो, आणि झाड संपतं. माती ओली असताना झाड मलूल दिसलं तर पाणी लगेच बंद करायचं, हे एवढं लक्षात राहिलं तरी निम्म्या कुंड्या वाचतील.

आपल्याकडच्या काळ्या मातीत हा धोका दुप्पट. ती वरून भेगाळते, कोरडी ठणठणीत दिसते, आणि दोन बोटं खाली चिकट ओली असते. म्हणून वरून बघून पाणी देऊ नये. अगरबत्ती जळून गेल्यावर उरलेली काडी किंवा बांबूची बारीक काडी घ्या, कुंडीच्या कडेने चार इंच आत खुपसा, मिनिटभर ठेवून बाहेर काढा. काडी काळपट, ओलसर आणि मातीचे कण चिकटलेली निघाली तर आज पाणी नाही. कोरडी, स्वच्छ निघाली तर बारा इंची कुंडीला लिटर-सव्वा लिटर पाणी, खालच्या भोकातून थेंब पडेपर्यंत. मग थेट पुढच्या वेळी काडी कोरडी निघेपर्यंत थांबायचं. रोज कपभर शिंपडलं तर वरची माती सदा ओली आणि खालची मुळं तहानलेली राहतात. वेळ सकाळी नऊनंतरची, कुंडीवर ऊन आल्यावर. संध्याकाळचं पाणी रात्रभर मुळांशी गार बसून राहतं.

माती फारच चिकट असेल तर कुंडी बदलायच्या वेळी दोन भाग काळी माती, एक भाग कन्हानची रेती, एक भाग चाळलेलं शेणखत आणि एक भाग धानाचं तूस असं मिश्रण करा. भंडारा-गोंदियाकडच्या राईस मिलमधून येणारं तूस इकडे सहज मिळतं आणि माती भुसभुशीत ठेवायला त्यासारखं स्वस्त काही नाही. मात्र ते ओलं करून पंधरा दिवस ठेवल्यावरच मिसळावं. ताजं कोरडं तूस पाण्यावर तरंगून वर येतं.

लाटेच्या रात्रींची वेगळी काळजी हवी. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. अशा रात्री आभाळ निरभ्र असतं, वारा पडलेला असतो आणि दिवसभरची उष्णता सरळ आकाशात निघून जाते. तुळस, विड्याचा वेल, अडेनियम, कढीपत्त्याची लहान रोपं यांना आधी झळ बसते. कुंड्या उघड्या गच्चीच्या मधून उचलून दक्षिण किंवा पश्चिमेच्या भिंतीला लावा; दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडते. वरून जुनी सुती साडी टाकायची, पण चार काड्या रोवून, पानांना टेकणार नाही अशी. प्लास्टिक पानाला चिकटलं तर नेमकं तेवढंच पान काळं पडतं. सकाळी ऊन आलं की साडी काढून टाकायची. तुळशीच्या मंजिऱ्या या दिवसांत खुडत राहा, नाहीतर झाड बी धरण्यात सगळा जोर घालवतं. अडेनियमची पानं गळली तर घाबरू नये, त्याला दहा-पंधरा दिवसांत एकदा पाणी पुरे.

गुलाबाचं मात्र हे ऐन सुगीचं राज्य. ऑक्टोबरमध्ये छाटलेली झाडं साधारण ४५-५० दिवसांत फुलतात, म्हणजे पहिला बहर डिसेंबरच्या तोंडाशी. उतरलेलं फूल नुसतं खुडू नका. फुलापासून खाली येत पाच छोट्या पानांचं मिळून झालेलं पहिलं पान शोधा. त्याच्या बगलेतला डोळा, म्हणजे नवी फांदी फुटणारा कोंब, झाडाच्या बाहेरच्या बाजूला बघत असेल तर त्याच्या अर्धा सेंटिमीटर वर तिरका काप द्या. डोळा आत बघत असेल तर एक पान खाली उतरा. काप डोळ्याला फार जवळ घेतला तर डोळा सुकतो, फार लांब घेतला तर वरचं खुंट काळं पडून खाली वाळत येतं. बारा इंची कुंडीला महिन्यातून एकदा ५० ग्रॅम निंबोळी ढेप (पेंड) मातीत खुरपून द्या. दिवसा ऊन आणि रात्री दव असं चालू झालं की कोवळ्या पानांवर पिठासारखी भुरी येते. ती दिसताच पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम, सकाळी फवारावं. मावा असेल तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा. उरला तर संध्याकाळी लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडं भांड्यांचं साबण. गंधक आणि तेल मात्र एकत्र किंवा पाठोपाठ कधी मारू नये, पानं करपतात; मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

भाज्यांत मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. दोन बाय एक फुटाच्या ट्रेला मेथीचे दोन छोटे चमचे दाणे पुरतात. चार-पाच दिवसांत उगवतात आणि महिन्याभरात खुडायला येतात. सांभाराचे धने चप्पल किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाका करा आणि रात्रभर भिजवा. अख्खा धना टाकला की निम्मे उगवत नाहीत आणि दोष बियाण्याला जातो. थंडीत त्याला दहा ते पंधरा दिवस लागतात, तोवर ट्रे उकरून पाहू नये. सगळं बी एकदम न पेरता दर बारा दिवसांनी एक ट्रे पेरला तर होळीपर्यंत सांभार घरचाच.

वेळ खरा लावावा तो पालापाचोळ्यात. देशी बदामाची लाल पानं आता पडायला लागतात, साग आणि कडुलिंब मागून येतात, आणि कॉलनीत सगळीकडे ते पेटवलं जातं. हे जाळणं पाहून जीव कळवळतो, कारण उन्हाळ्यात कुंड्यांवर पसरायला याच पानांचं खत लागतं. तळाशी आणि बाजूंना भोकं पाडलेला ड्रम घ्या. तीन भाग सुकी पानं, एक भाग भाजीची सालं-देठं असे थर लावा. सागाची पानं आधी पायाने चुरून घ्या, अख्खी टाकली तर चादरीसारखी एकावर एक बसतात आणि मधे पाणी, हवा काहीच जात नाही. किलोभर शेण दहा लिटर पाण्यात कालवून प्रत्येक थरावर शिंपडा. ओल किती, तर मूठभर घेऊन घट्ट दाबल्यावर बोटांतून दोन-तीन थेंब यावेत. धार लागली तर जास्त, काहीच आलं नाही तर कमी. मुंग्या झाल्या म्हणजे ड्रम कोरडा पडलाय. आंबूस वास आला म्हणजे पाणी जास्त झालंय, मग सुकी पानं मिसळून उलथा. थंडीत कुजणं मंदावतं, म्हणून ड्रम उन्हात ठेवून वर बारदान घाला आणि दर पंधरा दिवसांनी खालचं वर करा. डिसेंबरात भरलेला ड्रम एप्रिलपर्यंत तयार होतो.

अंगणात संत्र्याचं झाड असेल तर डिसेंबर त्याच्या ताणाचा महिना. आंबिया बहराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत यायची असतील तर आता पाणी तोडावं लागतं. भारी काळ्या जमिनीत ४५ ते ६० दिवस, हलक्या मुरमाड जमिनीत महिनाभर. पानांचा तजेला जाऊन ती फिकट दिसायला लागली आणि साधारण चौथा हिस्सा पानं गळली की ताण पुरे. त्यापुढे ताणलं तर फांद्या वाळतात. कुंडीतल्या संत्र्याला हा ताण मुळीच देऊ नये, तिथे एवढा ओलावा साठलेलाच नसतो.

झाड विश्रांतीला असताना खोडाला बोर्डो पेस्ट लावून घ्यावी, डिंक्या रोगासाठी. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात प्लास्टिकच्या बादलीत रात्रभर भिजवा. १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या बादलीत अर्धा लिटर पाण्यात विझवून गार होऊ द्या. मग दोन्ही एकत्र ओतत काठीने ढवळा, रंग आकाशी निळा येतो. घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा त्यात दोन मिनिटं बुडवा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर मिश्रण तिखट आहे, खोड भाजेल. थोडा चुना वाढवून पुन्हा तपासा. खिळा स्वच्छ निघाला की ब्रशने जमिनीपासून तीन फुटांपर्यंत लावा. डिंक सुटलेली साल आधी चाकूने खरवडा. लोखंडी किंवा जस्ताच्या भांड्यात हे कालवलं तर मोरचूद भांड्यालाच खातं, औषधात काही उरत नाही. पेस्ट त्याच दिवशी संपवावी.

ताण तोडताना पहिलं पाणी हलकं द्यायचं, आळं जेमतेम भिजेल इतकं. तीन-चार दिवसांनी दुसरं थोडं जास्त, आणि तिसऱ्या पाळीला भरपूर. पहिल्याच दिवशी आळं तुडुंब भरलं तर फुलांऐवजी पालवीच जास्त फुटते.

मोगऱ्याची छाटणी जानेवारीच्या शेवटी. आत्ता त्याचं फक्त पाणी कमी करा.