शुक्रवार पेठेतलं घर मॉडेलमध्ये : महिना तिसरा

तर मंडळी, मागच्या वेळी म्हटलं होतं की दिवाळीपर्यंत अख्खं घर उभं करतो, ते काय झालं नाही. तळमजला झालाय, कडीपाट झालाय, छप्पर अजून हवेत आहे. पण या महिन्यात जे शिकलो ते लै कामाचं आहे म्हणून लिहून ठेवतो, कुणी जुनं घर करत असेल तर त्याचे दोन रविवार वाचतील.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. कोल्हापुरातल्या आजोबांच्या घराचं संगणकावर थ्रीडी मॉडेल करतोय. घर पंचगंगेपासून चालत पाच-सात मिनिटं, खाली दगडी जोतं, वर विटा-मातीच्या भिंती, कडीपाट आणि कौलं. मी नोकरी वेगळीच करतो, हे सगळं रात्री जेवण झाल्यावर. सॉफ्टवेअर ब्लेंडर (थ्रीडी आकार काढायचं) आणि त्यावर बोन्साय (इमारतीचं मॉडेल करायची जोड), ज्याला २०२४ पर्यंत ब्लेंडरबिम म्हणायचे. दोन्ही फुकट. फ्रीकॅड हे तसलंच दुसरं सॉफ्टवेअरपण टाकून ठेवलंय, १.० पासून त्यात बिमचा (म्हणजे इमारतीचं माहितीसकट मॉडेल करायचा) वर्कबेंच आतच येतो त्यामुळं वेगळं काही चढवायला लागत नाही, पण माझा हात ब्लेंडरवर बसलाय म्हणून तिकडं फक्त फाईल उघडून तपासायला जातो. दोन्हीकडं आयएफसी फाईल (अशा मॉडेलची, वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना चालणारी) नीट उघडली तर समजायचं आपण काही वेडंवाकडं केलेलं नाही.

आता मुख्य दुखणं. घर वाकडं आहे आणि सॉफ्टवेअरला सरळ भिंत पाहिजे.

माजघर घ्या. चारी बाजू मोजल्या, १२ फूट बाय १० फूट, समोरासमोरच्या बाजू अगदी बरोबर, मी खूश. मग सहज कर्ण मोजले तर एक १५ फूट १० इंच आणि दुसरा १५ फूट ५ इंच. म्हणजे खोली काटकोनात नाहीच, दहा फुटात भिंत सव्वातीन इंच सरकलीय. मी गुण्या लावून परत बघितलं, तरी तेच. काका ओटीवर बसून बघत होते, म्हणाले, "अरे तुझ्या आज्यानं शेजाऱ्याची भिंत धरून बांधलंय, त्याचीच वाकडी हुती, मग आपली कुठनं सरळ येणार." विषय संपला. तेव्हापासून प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घेतो, बाजू एखादी राहिली तर चालेल पण कर्ण सोडायचे नाहीत.

मग प्रश्न असा की किती वाकडेपणा मॉडेलमध्ये घ्यायचा. पहिल्या महिन्यात मी सगळाच घेत होतो, प्रत्येक भिंतीचा फुगवटा, ओळंबा सोडून दर फुटाला माप, सुताच्या हिशोबात (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, मिस्त्री लोक अजून त्यातच बोलतात). तीन भिंतीत जीव गेला. आता नियम केलाय, एक इंचापर्यंत भिंत सरळ काढायची आणि किती बाहेर आहे ते त्या भिंतीच्या प्रॉपर्टीत (तिला जोडलेल्या माहितीत) लिहून टाकायचं. एक इंचाच्या वर गेली तर आकारातच दाखवायची. घरात अशा फक्त दोन भिंती निघाल्या, एक हीच माजघराची, दुसरी परड्याकडची जी खाली २४ इंच आणि वर १८ इंच आहे. ही निमुळती भिंत लेयरवाल्या नेहमीच्या भिंतीनं होत नाही, कारण तिथं जाडी एकच धरलेली असते. मी मेश (बिंदू जोडून हातानं घडवलेला आकार) करून तिला भिंतीचा क्लास (वस्तू कोणती आहे ते सांगणारं लेबल) दिला. जाडी बदलायची सोय आणि कोपरे आपोआप जुळणं हे दोन्ही गेलं, पण दारं-खिडक्यांची भोकं व्यवस्थित पडली.

क्लासचं लै मनावर घ्या. आकार ओबडधोबड असला तरी चालतो पण भिंत ही भिंतच पाहिजे, कडी ही बीमच पाहिजे. मी पहिल्यांदा आळसानं सगळ्या कड्या प्रॉक्सी (म्हणजे 'इतर काहीतरी') म्हणून टाकल्या होत्या, दिसायला एकदम नाद खुळा, आणि मोजायला गेलो तर त्यात देव्हाऱ्याची चौकट, पाण्याची टाकी आणि ४६ कड्या सगळं एकाच ढिगात. परत बसून क्लास बदलले. आता एक बीम टाईप केलाय, ३ बाय ४ इंच, आणि सगळ्या कड्या त्याच टाईपच्या, त्यामुळं उद्या माप चुकलेलं निघालं तर एका जागी बदललं की ४६ ठिकाणी बदलतं. शिवाय प्रत्येक कडीला 'स्थिती' नावाची एक प्रॉपर्टी, त्यात तीनच शब्द : चांगली, वाळवी, बदललेली. स्टुलावर चढून पेचकसानं एकेक कडी टोचली आणि फोनवर नोंद केली. वाळवीच्या ९ निघाल्या. लांबी ८ फूट, म्हणजे एका कडीला घनफुटाचा दोन तृतीयांश, नऊचे बरोबर ६ घनफूट. वखारीत जाऊन हाच आकडा सांगितला, तिथला माणूस म्हणाला कुणी काढून दिलं. काका आधी अंदाजानं १० घनफूट सांगणार होते.

भिंतींचंही तसंच. सॉफ्टवेअर घनमीटर देतं आणि आपल्याकडं सगळं ब्रासमध्ये. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे साधारण २.८३ घनमीटर, तेवढ्यानं भागायचं. आणि ग्रॉस घेतलाय का नेट ते बघा, नेटमध्ये दारं-खिडक्या वजा असतात.

फोटोंचा प्रयोग अर्धा फसला. बाहेरची भिंत १४० फोटोंत मेशरूममधून (फोटोंवरून थ्रीडी आकार करणारं सॉफ्टवेअर) मस्त आली (एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड पाहिजे, नाहीतर मुख्य पायरीलाच अडतं, मी मित्राचा पीसी रात्रभर घेतला). आतल्या चुन्यानं रंगवलेल्या पांढऱ्या भिंती मात्र कोऱ्याच, सॉफ्टवेअरला धरायला काही खूणच मिळत नाही. मग रद्दी काढली आणि पेपरचे तुकडे वेडेवाकडे चिकटवले, एकसारखे नाही, प्रत्येक वेगळा. लगेच जुळलं. आई म्हणाली घरात काय लग्न आहे का. पॉइंट क्लाउड (फोटोंतून तयार झालेला बिंदूंचा ढग) आला की त्याला माप नसतं हे विसरू नका, दाराच्या चौकटीची उंची टेपनं मोजून त्यावरून स्केल करायचं. मी मग क्लाउडकंपेअर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या ढगाचा आडवा काप घेतो आणि त्यावर भिंती काढतो.

एक चूक सांगतो जिच्यात आख्खा शनिवार गेला. प्लॉटची डीएक्सएफ (नकाशाची कॅड फाईल) मिळाली होती, ती यूटीएम झोन ४३ मध्ये (जगाच्या नकाशावरची जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत), तशीच सरळ ब्लेंडरमध्ये ओढली. भिंती थरथरायला लागल्या, टोकं जागच्या जागी बसेनात, झूम केलं की कोपरा उडी मारतोय. मला वाटलं ग्राफिक्स कार्ड गेलं. प्रकार असा की कोल्हापूरचा उत्तरेचा आकडा १८ लाख मीटरच्या पुढं आहे आणि ब्लेंडर आतून जे आकडे धरतो त्यात एवढ्या मोठ्या संख्येला सात-एक अंकांचीच अचूकता उरते, म्हणजे बिंदू साडेबारा सेंटीमीटरच्या उड्या मारणार. म्हणून घर शून्याजवळच काढायचं आणि खरा पत्ता मॅप कन्व्हर्जनमध्ये (आपलं शून्य नकाशावर कुठं आहे त्याची नोंद) लिहायचा, आयएफसी ४ मध्ये त्याची सोय आहे.

माझं शून्य म्हणजे मुख्य दाराच्या उंबऱ्याची वरची कड. पारदर्शक नळीत पाणी भरून (बुडबुडा राहू द्यायचा नाही) सगळ्या खोल्यांत ती लेव्हल फिरवली. माजघर ५ इंच खाली, परडं त्याहून खाली. प्रत्येक उतरंडीला वेगळा मजला करू नका, मी केला होता आणि एका तळमजल्याचे चार मजले झाले. मजला एकच, फरशीला खाली सरकवायचं.

आणि याच नळीनं २०१९ च्या पुराची खूणही शून्याला बांधली. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं. पण घराला बंधाऱ्याचा आकडा काय उपयोगाचा, आपल्या भिंतीवर चुन्याच्या आतून अजून डोकावणारी ती तपकिरी रेघ आहे ना, ती उंबऱ्यापासून ४ फूट २ इंच. मॉडेलमध्ये सगळे स्विचबोर्ड टाकले, ११. मग पायथनमध्ये आयएफसीओपनशेल (आयएफसी फाईल वाचायची लायब्ररी) वापरून दहा ओळी लिहिल्या की १.२७ मीटरच्या खालचे बोर्ड सांग. लिस्ट रिकामी. म्हटलं वाचलो! चहा पिऊन आलो आणि लक्षात आलं की फाईल मिलिमीटरमध्ये आहे, म्हणजे मी सव्वा मिलिमीटरच्या खालचे बोर्ड शोधत होतो. १२७० लिहिल्यावर ७ निघाले, त्यात मीटरशेजारचा मेन बोर्डपण.

वायरमनला त्याच रात्री सातही बोर्डांचा प्लॅन पाठवला, लाल गोल करून. त्यानं एकच विचारलं, "दादा, साडेपाच फुटावर घेतलं तर आजींचा हात पोचंल का?" आजीला उभं करून हात वर करायला लावला, तिचा हात आरामात पाच फूट आठ इंचापर्यंत जातोय. तर साडेपाच फूट ठरलं. देव्हाऱ्याजवळचा एक बोर्ड तिनं हलवू दिला नाही, तो आहे तिथंच राहणार, त्याची फक्त लाईन वेगळी करतोय.

पुढच्या महिन्यात छप्पर. आडं मधोमध खाली बसलंय, वासे कुठं १८ इंचावर कुठं २२ वर, आणि माळ्यावर ताठ उभं राहता येत नाही. असं खाली बसलेलं आडं कुणी मॉडेल केलं असेल तर आधी वासे एकेक टाकले का छप्पर एक पृष्ठभाग म्हणून घेतलं तेवढं सांगा.