पारंग ला साठी संपर्काची सोय: जुळवाजुळव कुठवर आली

स्पितीतून लडाखमध्ये उतरणाऱ्या पारंग ला खिंडीच्या ट्रेकचा बेत पक्का झाल्यापासून ग्रुपवर एकच विषय चालू आहे. स्पितीतलं किब्बर गाव सोडलं की साडेपाच हजार मीटरच्या वरची खिंड ओलांडून त्सो मोरीरी तलावाकाठचं कोरझोक येईपर्यंत मोबाइलचा उपयोग फोटोपुरताच. मग वाटेत कोणाचा पाय मोडला तर कळवायचं कसं?

परदेशी ट्रेकर्सचे व्हिडिओ पाहून सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते गार्मिन इनरीचचं. शंभर ग्रॅमची डबी, इरिडियमच्या ६६ उपग्रहांवरून दोन्ही बाजूंनी मेसेज, आणि एसओएसचं बटण. वस्तू उत्तमच आहे. पण भारतात ती परवानगीशिवाय जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे, वापरणं तर लांबच. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून चालत आलेली ही बंधनं २६/११ नंतर जास्तच कडक झाली; त्या हल्लेखोरांकडे थुरायाचा सॅटेलाइट फोन होता. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी धावपटू महिलेच्या सामानात इनरीच निघालं आणि तिला पोलिसांकडे देण्यात आलं. तेव्हा ‘परदेशातल्या भावाला आणायला सांगतो’ हे ग्रुपवर पुन्हा कोणी लिहू नका. आयफोनवाल्यांनीही खूश होऊ नये. १४ पासून उपग्रहावरून एसओएस पाठवायची सोय आली खरी, पण ती भारतात चालू नाही.

कायदेशीर सॅटेलाइट फोन मिळतो तो बीएसएनएलमार्फत, इन्मारसॅटवर चालणारा, दूरसंचार खात्याच्या परवानगीने. आपल्यासारख्या हौशी चारपाच जणांना ती कागदपत्रं झेपणारी नाहीत. शिवाय इन्मारसॅटचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर एका जागी असतात. म्हणजे हिमालयातून ते दक्षिणेच्या आकाशात दिसतात. दरी अरुंद असेल आणि दक्षिणेला उभी भिंत असेल, तर फोन हातात असूनही गप्प. इरिडियमचे उपग्रह जेमतेम ७८० किलोमीटरवरून फिरत असतात, त्यामुळे एक डोंगराआड गेला की थोड्या वेळात दुसरा वर येतो.

न्यूझीलंडला स्थायिक झालेला आमचा एक जुना ट्रेकर मित्र तिकडे डोंगरात जाताना ४०६ मेगाहर्ट्झचा पीएलबी, म्हणजे खिशात मावणारं संकटसूचक यंत्र, भाड्याने घेतो. त्याला मासिक वर्गणी नाही. बटण दाबलं की कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय शोध-बचाव जाळ्याच्या उपग्रहांवरून थेट बचाव केंद्राला कळतं. त्याच जाळ्याचं भारतातलं केंद्र इस्रोकडे बंगळुरूला आहे. इस्रोनेच मच्छीमारांसाठी संकटसूचक यंत्र बनवलंय, आणि २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या दुसऱ्या पिढीत ‘तुमचा निरोप पोचला’ असं उत्तरही बोटीवर येतं. समुद्रात जाणाऱ्याची ही सोय झाली. डोंगरात जाणाऱ्याचा असा विचार कधी होणार, देव जाणे.

तर मग आपल्या हातात काय उरतं? लोरा, म्हणजे मोबाइल टॉवरशिवाय, थोड्या विजेवर छोटे मेसेज लांबवर पाठवणारा रेडिओ. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे परवानामुक्त आहे, ट्रान्समीटरला १ वॅटपर्यंत मुभा आहे आणि मेशटॅस्टिकमध्ये (या रेडिओंवरून एकमेकांकडे मेसेज पुढे सरकवणारं सॉफ्टवेअर) ‘आयएन’ असा भारताचा वेगळा रीजन आहे. बोर्ड घेताना ८६८ चाच घ्या. दुकानदार ‘सेम आहे सर’ म्हणत ४३३ चा गळ्यात मारतात. ईएसपी३२ चिपवाले स्वस्त, पण बॅटरी खातात. एनआरएफ५२ चिपवाले थोडे महाग, पण एका चार्जवर कितीतरी जास्त टिकतात. थंडीत लिथियमची बॅटरी निम्म्यावर आलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे, म्हणून मी दुसऱ्या प्रकाराच्या बाजूने आहे. आणि अँटेना लावल्याशिवाय बोर्ड चालू करायचा नाही, रेडिओ जळतो.

चाचणी राजगड-तोरणा धारेवर घेतली. राजगडच्या संजीवनी माचीवर एक नोड (म्हणजे चालू ठेवलेला एक बोर्ड), तोरण्याच्या बुधला माचीवर दुसरा. मध्ये नुसती हवा, त्यामुळे मेसेज खणखणीत जात होते. पण संजीवनीवरचा नोड घेऊन तिथला गडी गुंजवण्याच्या बाजूला उतरला की सगळं शांत. कारण सरळ आहे: डोंगर आड आला की लोरा संपला. संजीवनीवर तिसरा नोड ठेवल्यावर खालच्याचा निरोप त्याच्यावरून उडी मारून तोरण्याला पोचला. पारंग ला वर हेच करायचंय. खिंडीत पोचलेल्याने नोड काठीला बांधून उंच ठेवायचा आणि मागचे सगळे वर आल्याशिवाय काढायचा नाही.

मेशटॅस्टिकच्या ॲपमधल्या खुणेकडे मात्र नीट बघा. ग्रुपच्या चॅनेलवर मेसेज टाकला की ढगाच्या चित्रावर बरोबरची खूण येते. तिचा अर्थ एवढाच, की कुठल्यातरी एका नोडने तो ऐकला. ज्याच्यासाठी लिहिलाय त्याने वाचला असं मुळीच नाही. थेट माणसाला पाठवलेल्या मेसेजला त्याच्या नोडची पोच येते, तीही त्याच्या डबीची. डबी सॅकच्या कप्प्यात आणि तो पुढे चालतोय, असं होऊ शकतं. म्हणून ठरवलंय: महत्त्वाच्या मेसेजला समोरच्याने हाताने ‘ओके’ टाइप करायचं. ओके नाही आलं, तर निरोप गेलाच नाही असं धरायचं.

हे सगळं आपल्या आपल्यात. घोडेवाले पुढे, दमलेला मागे, एवढ्यापुरतं. बाहेर निरोप न्यायला शेवटी माणूसच धावणार. त्यासाठी एक कागद तयार करतोय: रोजचा मुक्काम, त्याचे अक्षांश-रेखांश, वाट सोडून उतरायच्या जागा, आणि कोरझोकहून अमुक तारखेच्या रात्रीपर्यंत फोन आला नाही तर कोणी कोणाला कळवायचं. एक प्रत घरी, एक काझातल्या ट्रेक एजन्सीकडे. एजन्सी म्हणाली की आमच्याकडे सॅटेलाइट फोन आहे, तर परवानगीचा कागद दाखवायला सांगा. पोस्टपेड सिमही दोघांकडे तरी हवं, कारण लडाखमध्ये बाहेरचं प्रीपेड चालत नाही.

वादाचा एक मुद्दा शिल्लक आहे. ती वाट सीमेच्या बाजूला उतरते आणि चौकीवरच्या जवानाला अँटेना लावलेली डबी दिसली तर तो विचारणारच. माझं मत: परवानामुक्त पट्ट्याच्या अधिसूचनेची छापील प्रत जवळ ठेवायची, चौकीवर आपणहून दाखवायचं आणि ते नको म्हणाले तर निमूट बंद करायचं. दोघांना हे पटलेलं नाही.

पुढची चाचणी हरिश्चंद्रगडाला, नळीच्या वाटेने. कोकणकड्यावर एक नोड आणि खाली नळीत चढणाऱ्या दोघांकडे दोन. तिथे मधल्या वळणांवर काय होतं ते पाहून खिंडीतली काठी किती लांब लागेल ते ठरवू. ज्यांच्याकडे ८६८ चे बोर्ड आहेत त्यांनी फर्मवेअर (बोर्डातलं सॉफ्टवेअर) एकाच आवृत्तीवर आणून या.