मॅडम 'हो' म्हणाल्या होत्या, पण फाईलवर काहीच नव्हतं

माझी मुलगी आता पाच महिन्यांची झाली. कळा कशा होत्या ते आठवायला बसलं तर आता नीट आठवत नाही. पण त्या रात्री पावणेतीनपासून पाचपर्यंत मला पाठीवर निजवून ठेवलं होतं, ते मात्र मिनिटामिनिटानं आठवतं, आणि अजूनही राग येतो. लिहायला बसले ती त्यासाठीच.

पहिलंच बाळंतपण. सगळं ठीक असेल तर कळा वाढवायचं औषध नको, पाठीतलं भुलीचं इंजेक्शन नको, असं मी सातव्या महिन्यात ठरवलं होतं. बाळंतपणाच्या तयारीचा क्लास लावायचा फार विचार होता. पण मी कोल्हापुरात शाहू मार्केट यार्डात एका अडतीवर हिशेब लिहिते. गुळाचा हंगाम सुरू झाला की साडेसहाच्या आत तिथून पाय निघत नाही, आणि क्लास होता पाचला. त्यामुळे जे केलं ते घरी, शिवाजी पेठेतल्या आजीकडे आणि रंकाळ्यावर.

आजीला क्लासचं सांगितलं तर ती म्हणाली, "आम्ही काय क्लासला गेलतो व्हय?" पण तिनं परड्यातलं जातं धुऊन दिलं. पाय फाकवून जमिनीवर बसायचं, दोन्ही हातांनी खुंटा धरायचा, कंबरेतून गोल फिरायचं, ओढताना श्वास सोडायचा. दाणे घातले नाहीत तरी चालतं. आठवड्यातून तीनचार वेळा पंधरा मिनिटं मी एवढंच करायची. कंबर मोकळी व्हायची, आणि जोर लावताना श्वास कोंडायचा नाही ही सवय अंगात मुरली. कामावर खुर्ची सोडून अधूनमधून मांडी घालून बसायचे. संध्याकाळी पद्माराजे उद्यानाच्या बाजूनं रंकाळ्याला चाळीस मिनिटं चालणं.

रात्री बर्फ. फ्रिजमधला एक खडा मुठीत धरायचा आणि नवऱ्यानं मोबाईलवर एक मिनिट लावायचं. पहिल्या दिवशी पंचवीस सेकंदांत टाकून दिला. मग कळलं की मूठ दुखते त्याहून जास्त आपण खांदे आणि जबडा आवळून दमतो. बशीतला चहा फुंकतो तसा ओठांचा चंबू करून लांब श्वास सोडायचा, जबडा सैल, खांदे खाली. तिसऱ्या आठवड्यात दीड मिनिट झालं तरी मी शांत होते. कळही साधारण मिनिटभराचीच असते आणि मग सोडते, हे हातानं शिकून ठेवलं होतं. क्लासमध्ये याहून वेगळं काय शिकवतात मला माहीत नाही, पण मला हे पुरलं.

चौतिसाव्या आठवड्यात एका कागदावर प्रश्न लिहून नेले. कळा चालू असताना फिरता येईल का? बाळाचे ठोके पट्टा बांधून सतत न बघता अधूनमधून डॉपलरनं, म्हणजे पोटावर टेकवायच्या छोट्या यंत्रानं, ऐकले तर चालेल का? आई आत थांबेल का? पाणी पिऊ का? बाळ बाहेर येताना खालच्या जागी देतात ती चीर, गरज नसेल तर टाळता येईल का? नाळ लगेच न कापता मिनिट-दोन मिनिटं थांबाल का? डॉक्टर मॅडम चांगल्या आहेत. तुझं सगळं नॉर्मल आहे, मग हरकत काय, असं म्हणून प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हणाल्या. मी खूश. कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि घरी आले.

तो कागद त्या दिवशी फाईलला लागायला हवा होता.

बाळंतपणाची तारीख अठरा जानेवारीची होती, कळा सुरू झाल्या बावीसला दुपारी. तारीख उलटल्यावर घरात सगळ्यांचे फोन सुरू झाले होते, पण ठरल्या तारखेलाच होणारी बाळं थोडीच असतात. पोटातली हालचाल रोज मोजत होते, ती चांगली होती. कळा लागल्यावर घरीच थांबले, मऊ भात-तूप खाल्लं, आईनं कमरेवर गरम पाण्याची पिशवी धरली. पाच पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी कळ असं तासभर झाल्यावर रात्री दोनला निघालो. (पाणी गेलं, त्यातही हिरवट दिसलं, लाल रक्त जायला लागलं किंवा बाळ कमी हलायला लागलं तर यातलं काही मोजत बसू नका, लगेच निघा.)

काउंटरवर दोन पानी फॉर्म. चीर, भूल, सिझर, सगळ्याला मिळून खाली एकच सही. मी वाचायला लागले तर तो मुलगा म्हणाला, "ताई, सगळेच करतात सही." मध्येच कळ आली, मी काउंटरची कड धरून फुंकत उभी राहिले आणि मग सही केली. आत तपासलं, गर्भाशयाचं तोंड तीन सेंटीमीटर उघडलं होतं. सिस्टरनी पट्टा बांधला आणि म्हणाल्या, "आता उठायचं नाही."

वीस मिनिटं पट्टा असतो हे मला माहीत होतं. वीसची चाळीस झाली. चालताना, ओणवं होताना जी कळ मला झेपत होती, तीच पाठीवर निजल्यावर कमरेत सुरी फिरवल्यासारखी येत होती. बाळाचं, पाण्याचं सगळं वजन पाठीवर. मी सांगितलं, "मॅडम उठायला, फिरायला हो म्हणाल्या आहेत." सिस्टरनी फाईल उघडली, दोन पानं उलटली आणि फाईल माझ्यापुढे धरली. "कुठं लिहिलंय दाखवा." रक्तगट होता, हिमोग्लोबिन होतं, सोनोग्राफीच्या तारखा होत्या. त्यातलं एक अक्षर तिथं नव्हतं. मी पर्समधला कागद मागवला. त्यावर माझंच अक्षर, मॅडमची सही नाही.

आईलाही बाहेर काढलं. "नातेवाईक बाहेर." नवरा काउंटरवर मॅडमना फोन लावा म्हणून सांगत होता, त्याला उत्तर मिळत होतं, "आत्ता रात्रीचं उठवता येत नाही, इमर्जन्सी नाही." आमच्याकडे नंबर होता तो फक्त नंबर लावायच्या फोनचा, जो रात्री कुणी उचलत नाही. साडेतीनला सिस्टर म्हणाल्या, कळा हळू आहेत, सलाईनमधून औषध चढवूया. मी म्हटलं, मॅडमशी बोलल्याशिवाय नको. त्या चिडल्या. मीही चिडले. चिडलं की श्वास छातीत अडकतो आणि कळ दुप्पट लागते. महिनाभर बर्फ धरून कमावलेलं सगळं त्या दीड तासात हातचं जायला लागलं.

पाच सेंटीमीटरच्या आधीचा टप्पा लांबू शकतो, आई आणि बाळ ठीक असतील तर निव्वळ हळू आहे म्हणून घाई करू नये, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ सालीच सांगितलेलं आहे. बाईला हवं ते माणूस सोबत असावं आणि तिला उठू-फिरू द्यावं, हेही त्यात आहे. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीसोबत एक जण थांबू द्यायचा निर्णय केंद्र सरकारनं २०१६ मध्ये घेतला. हे मी वाचलेलं होतं, पण पट्टा बांधून आडवं पडलेल्या बाईचं वाचन कोण ऐकतं?

शेवटी कामाला आल्या त्या रात्रपाळीच्या मावशी. फरशी पुसता पुसता त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पोरी, थांब जरा, मी सांगतो सिस्टरला. पाचला फोन करायचाच असतोय मॅडमना." पाचला फोन झाला. पलीकडून मॅडम काय म्हणाल्या ते अर्ध्या मिनिटात संपलं. पट्टा सुटला. दर अर्ध्या तासानं डॉपलरनं ठोके. आई आत.

मी उठून खिडकीच्या गजाला धरून उभी राहिले आणि इतकं बरं वाटलं की रडले.

पुढचं लांबवत नाही. कधी गजाला धरून, कधी आईच्या गळ्यात हात टाकून डुलत, कधी खाली गुडघ्यांवर. सातला सहा सेंटीमीटर, नऊला पूर्ण. नऊ चाळीसला मुलगी, दोन किलो नऊशे ग्रॅम. चीर दिली नाही, थोडं फाटलं, जागा बधिर करून दोन टाके घातले. बाळ झाल्या झाल्या मांडीत रक्तस्राव रोखायचं इंजेक्शन दिलं, ते मी घेतलं. औषध नको म्हणजे हेही नको असं कुणी समजू नये. नाळेची धडधड थांबेपर्यंत मॅडम थांबल्या, मी त्यांना आठवणही करून दिली नाही.

आता सांगते. जे ठरेल ते मॅडमच्या अक्षरात, सहीसकट, फाईलच्या पहिल्या पानावर घ्या. रात्री कुणाला फोन करायचा तो नंबर त्याच पानावर. लेबर रूममध्ये कुणाला घेतात हे ओपीडीत विचारू नका, एकदा रात्रपाळीच्या सिस्टरना जाऊन भेटा, कारण पहिले काही तास तुम्ही त्यांच्या हातात असता. फॉर्म आठवडाभर आधी मागून घरी वाचा. आणि हो, पस्तिसाव्या आठवड्यापासून मी खोबरेल तेलानं खालच्या जागेचं मालिशही करत होते, डॉक्टरांना विचारून. दोनच टाके पडले त्यात त्याचा वाटा असावा.

सहा आठवड्यांनी तपासणीला गेले तेव्हा हे सगळं मी मॅडमना समोर बसून सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. म्हणाल्या, "मला वाटलं तोंडी सांगितलं की पोचतं."

माझ्या धाकट्या जावेला आठवा लागलाय. गुरुवारी तिची तपासणी त्याच मॅडमकडे आहे आणि मी सोबत जाणार आहे. सहा प्रश्न पुन्हा लिहून काढलेत, या वेळी कागदाखाली सहीपुरती जागा सोडून.