आमची वाटचाल : वजन काढण्याचा धंदा

आमच्या अण्णांनी आयुष्यभर फ्लायव्हीलला वजन दिलं. फ्लायव्हील म्हणजे इंजिनच्या क्रँकच्या टोकाला बसणारं जड चाक, दोन धक्क्यांच्या मधल्या वेळात इंजिन फिरतं ठेवणारं. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात त्यांचा एक लेथ होता आणि त्यावर ऑइल इंजिनची बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, फ्लायव्हीलं चढायची, एकेक मणाच्या घरातली. एका सिलिंडरचं इंजिन ते. क्रँकचे दोन फेरे झाले की एकदा धक्का, बाकीचा सगळा वेळ फ्लायव्हीलच्या जिवावर. वजन कमी पडलं की इंजिन हबकत चालायचं आणि उसाला पाणी पाजणारा माणूस दुसऱ्या दिवशी दुकानात हजर.

त्यामुळं 2002 साली मी त्याच लेथच्या शेजारी बसून फ्लायव्हीलमधून वजन काढायला, म्हणजे ती हलकी करायला लागलो तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, "आम्हाला लोक वजनाचे पैसे देतात. तुला काय खाली पडलेल्या लोखंडी चिप्सचे देणार?"

देणारा एक होता. इचलकरंजीचे सुताचे व्यापारी, आम्ही त्यांना शेठच म्हणतो. त्यांची होंडा सिटी व्हीटेक, दीड लिटर, 106 बीएचपी. परदेशातल्या दोन सीटवाल्या गाड्या बघितलेले हसतील, पण त्या काळात आमच्या भागातली स्पोर्ट्‌स कार म्हणजे हीच. शेठ दर रविवारी पहाटे पाचला निघायचे, गगनबावडा, करूळ घाट खाली, परत वर, आणि नऊला दुकान उघडायचे. त्यांची तक्रार साधी होती. वरच्या गिअरला जाताना इंजिन खाली यायला वेळ लावतं, आणि वळणाआधी खालचा गिअर टाकताना वर यायला. म्हणजे रोग फ्लायव्हीलचा, जड चाकाचा वेग पटकन बदलत नाही. बाकी मेकॅनिक लोक त्यांना एअर फिल्टर आणि सायलेन्सरच्या पुंगळ्या विकत होते.

मूळ फ्लायव्हील काट्यावर सात किलोच्या आसपास भरलं. बऱ्याच जणांनी तेच लेथवर चढवून मागून घासलं असतं. मी नाही घासलं, आणि ही गोष्ट पुढं फार महत्त्वाची ठरली म्हणून इथंच सांगून ठेवतो. ईएन-19 या मजबूत पोलादाचा फोर्ज केलेला, म्हणजे ठोकून घडवलेला, गोल घेतला आणि नवीन फ्लायव्हील काढलं. ड्रॉइंग कॅलेंडरच्या मागं, पेन्सिलीनं. त्यात एक चूकही होती. मूळ तुकड्याच्या पाठीवर कुणा जुन्या मेकॅनिकच्या टूलचा ओरखडा गेलेला, तो मी खाच समजून मोजला आणि ड्रॉइंगमध्ये घातला. 3 मिलिमीटर रुंद, कामाची शून्य. नंतर कळलं, पण तोवर प्रोग्रॅम तसाच बसला होता आणि खाच कुणाला त्रास देत नव्हती. 2011 पर्यंत आमच्या प्रत्येक तुकड्यावर ती होती.

पहिले दोन तुकडे भंगारात गेले. एकाचा रिंग गिअर, म्हणजे स्टार्टर ज्यात अडकतो ती काठावरची दातांची कडी, बसवण्यासाठी मी गॅसच्या ज्योतीवर तापवला आणि दात निळे पडले. रिंग गिअर तापवताना वाळल्या गवतासारखा पिवळसर रंग दिसायच्या आत थांबायचं असतं. निळा झाला म्हणजे दात मऊ पडले, स्टार्टर चार महिन्यांत ते खाऊन टाकतो. तेव्हापासून आमच्याकडं तेलाच्या कढईतच तापवतात. तिसरा तुकडा साडेचार किलोला उतरला. क्रँकवर बसवून डायल, म्हणजे वाकडेपणा मोजायचं काट्याचं घड्याळ, लावला. फेस, म्हणजे क्लच टेकतो तो पृष्ठभाग, फिरवताना काटा जेमतेम हलला. मिटुटोयोचा तो डायल मी पुण्याहून सेकंडहँड आणलेला, काचेला तडा गेलेला, आजही माझ्याच टेबलावर आहे. पोरांना नवीन डिजिटल दिलेत. त्याला मात्र कुणी हात लावायचा नाही.

क्लचमध्ये मात्र पहिल्यांदा आम्ही आपटलो. चेन्नईच्या ट्रॅकवर पळवणारी पोरं बटण प्लेट, म्हणजे अख्ख्या गोल फेसिंगऐवजी बटणं असलेली, झटक्यात पकडणारी क्लच प्लेट, वापरतात असं शेठनी ऐकलेलं. तीच पाहिजे म्हणाले. आमचे गिअरबॉक्सवाले मामा, म्हणजे धंद्यातले पहिले भागीदार, म्हणाले टाकू. टाकली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेठ वहिनींना घेऊन महाद्वार रोडला गेले. तिथली गर्दी तुम्हाला माहीत आहे. पेडल सोडलं की गाडी बोकडासारखी उडी मारायची. तिसऱ्या उडीला वहिनी दार उघडून खाली उतरल्या आणि रिक्षानं घरी गेल्या. शेठनी गाडी तशीच आमच्या दारात आणून लावली आणि किल्ली मामांच्या हातात दिली. एक शब्द बोलले नाहीत. मग साधी ऑरगॅनिक फेसिंगची, मधल्या हबमध्ये धक्का गिळणाऱ्या स्प्रिंगा असलेली प्लेट आणि तिला दाबून धरणारी, जरा जास्त दाबाची प्रेशर प्लेट बसवली. ती जोडी 60,000 किलोमीटर चालली.

2004 ते 2008 चांगली वर्षं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. एचएमटीचा लेथ घेतला, बँकेचं कर्ज काढून बॅलन्सिंग मशीन घेतलं, गोकुळ शिरगावला शेड घेतलं.

आता 2009.

आमच्याकडं सहा वर्षं काम शिकलेला एक माणूस बाहेर पडला. नाव लिहीत नाही, कोल्हापुरात सगळ्यांना माहीत आहे. पडला म्हणून राग नाही, प्रत्येकानं आपला धंदा करावा. पण जाताना ड्रॉइंगची झेरॉक्स नेली आणि आमच्या निम्म्या भावात 'कोल्हापूरचं लाइट फ्लायव्हील' म्हणून विकायला लागला. निम्मा भाव कसा, तर गिऱ्हाईकाचंच बीडाचं फ्लायव्हील घ्यायचं, मागून आणि काठावरून घासायचं, आमच्या ड्रॉइंगची खाच मारायची, काळा रंग लावायचा.

बीड दाबाला वाघ आहे, ताणाला शेळी. 280 मिलिमीटर व्यासाचं फ्लायव्हील 7000 आरपीएमला फिरतं तेव्हा त्याचा काठ ताशी जवळजवळ 370 किलोमीटरनं पळत असतो. त्या काठावरचा एक ग्रॅम साडेसात किलोच्या ओढीनं बाहेर जाऊ बघतो. कंपनीनं बीड वापरलं असेल तर त्याची जाडीही हिशोबानं ठेवलेली असते. त्यात वर्षानुवर्षं क्लच तापून फेसवर केसासारख्या भेगा पडलेल्या. त्या भेगांच्या मागचंच मटेरियल तुम्ही काढलंत, तर उरलं काय?

एका धावपट्टीवर पोरं गाड्या पळवत होती, तिथं त्याचं असं एक फ्लायव्हील फुटलं. बेल हाउसिंगचे, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाचे, दोन तुकडे झाले, एक तुकडा बॉनेट फाडून गेला, एक आतल्या पत्र्यातून पेडलच्या वर येऊन अडकला. पोराच्या पायाला खरचटलं, एवढ्यावर निभावलं ही देवाची कृपा.

संध्याकाळी मला पहिला फोन आला. "तुमचं फ्लायव्हील फुटलं म्हणे."

आठ दिवसांत हातातल्या 11 ऑर्डरींपैकी 9 गेल्या. दोघांनी आगाऊ रक्कम परत मागितली, ती दिली. रॅलीचं काम देणाऱ्या एका टीमनं गाडीतून आमचं फ्लायव्हील काढून कुरिअरनं परत पाठवलं, बरोबर चिठ्ठीसुद्धा नाही. बॅलन्सिंग मशीनचे तीन हप्ते थकले. शेड बघायला माणूस आला होता. मामांनी स्वतःचा हिस्सा काढून घेतला. त्यांना दोष देत नाही, मुलीचं लग्न होतं. पण त्यांनी तो त्याच महिन्यात मागावा, हे मी विसरलेलो नाही.

शेठनी काय केलं ते सांगतो. त्यांनी त्या पोराला गाठलं, फुटलेले तुकडे बारदानात भरून आणले आणि गावातले गाड्यांचा नाद असलेले दहा-बारा जण आमच्या शेडवर चहाला बोलावले. मला म्हणाले, "तू बोलू नकोस. ग्राइंडर चालू कर." मी आधी फुटलेला तुकडा चाकाला लावला. आखूड, तांबूस, मेलेल्या ठिणग्या. मग शेठनी आपल्या स्वतःच्या गाडीतून त्या दिवशी सकाळीच उतरवलेलं फ्लायव्हील पुढं केलं. काठाला जरा टेकवलं आणि हातभर लांब, पांढऱ्या, टोकाला फुटणाऱ्या ठिणग्या भिंतीपर्यंत गेल्या. लेथवर काम केलेल्या माणसाला यापुढं सांगावं लागत नाही, पहिलं बीड, दुसरं पोलाद. तुटलेल्या अंगाला बीडाचा राखाडी दाणा होता, तोही हातोहात फिरला. चहा होईपर्यंत सगळे गप्प होते.

ऑर्डरी परत यायला तरी वर्ष लागलं. आणि ज्यांनी 'तुमचं फुटलं' म्हणून फोन केले, त्यांच्यातल्या एकानंही 'तुमचं नव्हतं' असं सांगायला पुन्हा फोन केला नाही.

आता विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी सांगतो. गिऱ्हाईक येतं आणि पहिला प्रश्न विचारतं, किती किलोचं? चुकीचा प्रश्न. वजन कुठून काढलं ते विचारा. काठावरचा ग्रॅम मधल्या, निम्म्या अंतरावरच्या ग्रॅमच्या चौपट मोजला जातो. मध्ये भोकं पाडून वजन कमी दाखवणारे खूप आहेत, गाडीला ते कळतसुद्धा नाही. दुसरं, फरक पहिल्या-दुसऱ्या गिअरला कळतो. पहिल्याचा रेशो सव्वातीन आणि पाचव्याचा पाऊण धरला तर पाचव्यातला फायदा पहिल्याच्या जवळजवळ एकोणिसाव्या हिश्श्याएवढा. हायवेला शंभरनं जाणाऱ्यानं पैसे वाचवून टायर घ्यावेत. एसी लावून सिग्नलला उभं राहिल्यावर इंजिन थरथरणार, चढावर गाडी उचलताना सुरुवातीचे दोन आठवडे बंद पडणार, हे मी आधीच सांगतो.

एकदा नाही सांगितलं. टर्बो ऑक्टाव्हियाचं ड्युअल मास, म्हणजे मध्ये स्प्रिंगा असलेलं दोन तुकड्यांचं फ्लायव्हील, काढून आम्ही एका तुकड्याचं बसवलं, आणि मालक चौथ्या दिवशी गिअरबॉक्स फुटला म्हणून घाबरून आले. फुटला नव्हता, न्यूट्रलला दाण्याची गिरणी चालल्यासारखा खडखडत होता, कारण ड्युअल मासमधल्या स्प्रिंगा जो धक्का गिळायच्या तो आता सरळ गिअरांना बसत होता. चूक माझी. अशा गाडीला हबमध्ये स्प्रिंगा नसलेली प्लेट तर अजिबात घालू नका.

क्लच घेताना इंजिनच्या टॉर्कपेक्षा तीस-चाळीस टक्के जास्त पेलणारा घ्या, दुप्पट पेलणारा नको. दाब वाढवला की पेडल जड होतं, आणि पेडल दाबलेलं असतं तेवढा वेळ पेडलचा तो जोर क्रँकच्या थ्रस्ट वॉशरवर, म्हणजे क्रँकला पुढं-मागं सरकू न देणाऱ्या चकतीवर, असतो. म्हणून सिग्नलला न्यूट्रल करा, पाय खाली ठेवा. नवीन प्लेट पहिले 500 किलोमीटर गावातच चालवा. आणि गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबलं की क्लचला ढकलणारं बेअरिंग, नवीनच टाका. दोन-अडीच हजार वाचवायला गिअरबॉक्स दुसऱ्यांदा उतरवणारे महाभाग मी पाहिलेत.

शेठची सिटी अजून आहे. तिचं फ्लायव्हील यंदा तिसऱ्यांदा फेस मारायला आलं. मी स्वतः मारून दिलं, पोरांकडं दिलं नाही. काठावर ग्राइंडरचा तो चट्टा अजून आहे. तो काढू का विचारलं तर शेठ म्हणाले, राहू दे.

गेल्या महिन्यात पुण्याचा एक मुलगा फ्लायव्हील घेऊन आला, फक्त बॅलन्स करून पाहिजे होतं. नवीन माल, चकचकीत, वर लेसरनं नाव कोरलेलं. त्याच माणसाचं. आता त्याचा बोर्ड आमच्यापेक्षा मोठा आहे. मुलाला विचारून, रिंग गिअरखाली दिसणार नाही अशा जागी, मी ग्राइंडरला जरा टेकवलं. लांब पांढऱ्या ठिणग्या. शिकला म्हणायचा. मग मशीनवर चढवायला उलटं केलं, तर पाठीवर खाच. कॅलिपर लावून बघितली. 3 मिलिमीटर.

बॅलन्स करून दिलं आणि बिल पूर्ण लावलं.