तयारी उताराची

सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी नाव नोंदवल्यापासून जो तो मला यवतेश्वरच्या घाटातल्या चढाविषयी बजावतो आहे. ते स्वाभाविकच आहे, कारण २१.१ किलोमीटरच्या या शर्यतीत शहर मागे पडले की कासकडे जाणारा रस्ता अर्ध्या अंतरापर्यंत बहुतांशी चढतच जातो आणि तेथून वळून त्याच रस्त्याने खाली यायचे असते. एवढे अंतर पहिल्यांदाच धावणाऱ्याने मात्र चढापेक्षा उताराचा धसका घ्यावा, असे माझे मत सराव करता करता पक्के झाले आहे.

चढावर दम लागतो, पाय आपोआप मंदावतात आणि गरज पडल्यास चालताही येते. उतारावर दम लागत नाही, म्हणून वेग नकळत वाढतो; पण मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणले जात असतानाच प्रत्येक पावलाला शरीराचा भार रोखून धरावा लागतो. त्यातून स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरणेही जड जाते. दिलासा एवढाच, की एकदा असा ताण सोसून सावरलेले स्नायू पुढचे काही आठवडे तोच ताण बऱ्याच कमी दुखण्यात पेलतात. म्हणून मी अधूनमधून थोडे अंतर मुद्दाम उतारावर धावते: पावले आखूड, गुडघे किंचित वाकलेले आणि पाऊल शरीराच्या पुढे न टाकता शरीराखालीच पडेल असे.

अर्थात, हे सारे सपाटीवरच्या संथ धावण्याच्या पायावर उभे आहे. धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता आले पाहिजे, ही कसोटी मला घड्याळापेक्षा विश्वासार्ह वाटते. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात, हाडांना आणि स्नायूबंधांना मात्र महिने लागतात. नवख्यांची नडगी नेमकी या तफावतीमुळे दुखते, आणि म्हणूनच उत्साह कितीही असला तरी रविवारची लांब धाव एक-दोन किलोमीटरनेच वाढवावी व दर चौथ्या आठवड्याला ती कमी करावी. शर्यतीआधी पूर्ण २१ किलोमीटर धावून पाहण्याची गरज नाही. १६ ते १८ पुरेसे होतात.

शर्यत पावसाळ्यातली असल्याने ओल्या सुती मोज्यांनी फोड येतात, तेव्हा कृत्रिम धाग्याचे मोजे आणि बोटांना व्हॅसलीन हवेच. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. तासन्‌तास नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम धोकादायकरीत्या घटू शकते.

शेवटचे दोन आठवडे अंतर कमी करत नेणार आहे. शर्यतीच्या दिवशी घाटातल्या उभ्या चढावर, आजूबाजूचे धावत असले तरी, मी चालणार आहे, म्हणजे परतीच्या वाटेसाठी मांड्या शाबूत राहतील.